कोठार कुणाचे आणि माप कुणाच्या हाती?

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग' या खटल्याचा निकाल दिला. अनुसूचित जातींच्या आरक्षणात राज्यांना उपवर्गीकरण करता येईल, असा कौल सहा विरुद्ध एक अशा मतांनी लागला. १ ऑगस्ट हा साहित्यरत्न लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात मातंग वस्त्यांमधून जयंतीच्या मिरवणुका निघत होत्या आणि त्याच दिवशी दिल्लीहून ही बातमी आली. एका वस्तीत समाधान आणि शेजारच्या वस्तीत काळजी, असे चित्र त्या संध्याकाळी राज्यभर होते.

तारखांच्या योगायोगातून अर्थ काढत बसणे हा बुद्धाच्या अनुयायांचा धर्म नव्हे. पण या योगायोगाने आम्हाला एक काम लावून दिले. वकिलीच्या पुस्तकांच्या रांगेत आम्ही जी एक कादंबरी कायम हाताशी ठेवतो, ती 'फकिरा' आम्ही पुन्हा काढली आणि निकालपत्राशेजारी ठेवून वाचली. निकालपत्र शेकडो पानांचे आहे आणि कादंबरी त्या मानाने छोटी. तरीही आज आपल्या समाजासमोर जो प्रश्न उभा आहे, तो कादंबरीत अधिक स्वच्छ मांडलेला आहे, असे आमचे मत झाले. ते मत का झाले, हे सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही अलिबाग तालुक्यात, नागावच्या किनाऱ्यावर राहतो. नारळी-पोफळीच्या वाड्या, शनिवार-रविवारी मुंबईकरांच्या गाड्यांची रांग, आणि गावाच्या कडेला आपली वस्ती, असे हे गाव. या किनारपट्टीवर मातंग समाजाची वस्ती विरळ आहे. त्यामुळे विहारात हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, "वकीलसाहेब, हे भांडण मराठवाड्याचे, पश्चिम महाराष्ट्राचे. आपला काय संबंध?" संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. त्याकडे आम्ही येणारच आहोत. आधी कादंबरी.

'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली. वि. स. खांडेकरांची प्रस्तावना तिला आहे आणि १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार तिला मिळाला. दीड दिवस शाळेत गेलेल्या, वाटेगावहून चालत मुंबई गाठलेल्या, लाल बावट्याखाली आयुष्य काढलेल्या माणसाने ही कादंबरी अर्पण केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीस. अण्णा भाऊ कम्युनिस्ट की आंबेडकरवादी, या वादात ज्यांना रस आहे त्यांनी त्या अर्पणपत्रिकेसमोर क्षणभर थांबावे. लेखकाने स्वतःच उत्तर देऊन ठेवले आहे.

कथा वाचकांच्या परिचयाची आहे. गावाच्या जोगणीसाठी, म्हणजे गावाच्या मानासाठी, फकिराचा बाप राणोजी जीव गमावतो. ज्या गावासाठी बाप मेला त्या गावात पुढे दुष्काळ येतो, साथ येते. मांगवाडा आणि महारवाडा भुकेने मरू लागतो. त्याच मुलखात धनिकांची कोठारे मात्र भरलेली असतात. फकिरा आपले सोबती घेऊन माळवाडीचे धान्याचे कोठार फोडतो. पुढे इंग्रज सरकारचा खजिना लुटतो. सरकार त्याच्या मागे फौजफाटा लावते, मांगांवर हजेरी लादते, बायका-मुलांना धरून ठेवते. शेवटी आपल्या माणसांचे हाल थांबावेत म्हणून फकिरा स्वतः सरकारच्या स्वाधीन होतो.

या कथेतले शौर्य सर्वांना आठवते. मिरवणुकीच्या फलकांवर घोडा येतो, तलवार येते. आम्हाला महत्त्वाची वाटते ती लुटीनंतरची गोष्ट. कोठार फोडल्यावर धान्य कुणाच्या घरी जाते? फकिरा जन्माने मांग आहे, जोखीम घेणारे हात मुख्यतः मांगांचे आहेत. पण धान्य मांगवाड्यात जाते आणि महारवाड्यातही जाते. भुकेल्याची जात विचारून माप भरले जात नाही. त्याचबरोबर हेही लक्षात घ्यावे, की भुकेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतवून 'आपण सगळे एकच आहोत' असे भाषणही तिथे कुणी ऐकवत नाही. एकी आहे आणि वाटणीही आहे. दोन्ही एकाच रात्री घडतात.

आजच्या चर्चेत नेमके हेच हरवले आहे. एक बाजू म्हणते, वाटणी करा, एकीचे आम्हाला सांगू नका. दुसरी बाजू म्हणते, एकी राखा, वाटणीचे नाव काढू नका. आणि कोठाराच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला आहेत, ते दोन्ही बाजूंना आळीपाळीने चहाला बोलावतात!

न्यायालय नेमके काय म्हणाले, हे आधी समजून घेऊ. कारण निकाल न वाचता त्यावर गुलाल उधळणारे आणि निकाल न वाचता त्याची होळी करणारे, दोन्ही प्रकारचे लोक आपल्यात आहेत.

२००४ साली 'ई. व्ही. चिन्नय्या' खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने आंध्र प्रदेशचे उपवर्गीकरण रद्द केले होते. अनुसूचित जाती हा एकसंध वर्ग आहे, त्याची विभागणी राज्यांना करता येणार नाही, असा त्याचा आधार होता. २०२४ च्या निकालाने तो आधार काढून घेतला. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४१ खाली राष्ट्रपतींच्या यादीत नाव येणे म्हणजे यादीतील सर्व जातींची स्थिती सारखी आहे असे नव्हे, हे बहुमताने सांगितले. न्या. बेला त्रिवेदी यांनी वेगळे मत नोंदवले. त्या यादीत फेरफार करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे, राज्यांनी मागच्या दाराने ते करू नये, असे त्यांचे म्हणणे.

परंतु बहुमताने राज्यांच्या हाती मोकळे रान दिलेले नाही. अमुक जात मागे आहे हे राज्याला आकडेवारीने दाखवावे लागेल. सेवांमध्ये तिचे प्रतिनिधित्व अपुरे आहे हे सिद्ध करावे लागेल. एकाच उपगटाला सर्वच्या सर्व जागा देऊन बाकीच्यांना बाहेर काढता येणार नाही. आणि राजकीय सोयीसाठी केलेली विभागणी न्यायालय तपासू शकेल. हे सर्व निकालात आहे. म्हणजे न्यायालयाने दार उघडले आहे, पण उंबऱ्यावर पुरावा मागितला आहे.

त्याच निकालात चार न्यायमूर्तींनी अनुसूचित जाती-जमातींना क्रीमिलेअर लावण्याची भाषा केली. तो मुद्दा त्या खटल्यात निर्णयासाठी नव्हताच. ९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राज्यघटनेत अशी तरतूद नसल्याचे सांगितले, तरी २१ ऑगस्टला भारत बंद झाला, कारण लोकांचा विश्वास उडालेला होता. उपवर्गीकरण आणि क्रीमिलेअर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात आपल्यापैकी कुणाला आधी मिळावे हा विचार आहे. दुसऱ्यात आपल्यापैकी काहींना अनुसूचित जातींच्या रांगेतूनच बाहेर काढण्याचा विचार आहे. अस्पृश्यता पगाराची पावती पाहून पाळली जात नाही, म्हणून दुसऱ्याला आमचा विरोध आहे आणि राहील. पण दुसऱ्याच्या रागात पहिल्याला झोडपणे बरोबर नाही.

आता आपल्या बाजूचे बोलू. हे वाचून काहींच्या कपाळावर आठ्या पडतील, पडोत.

आपल्या सभांमधून असे म्हटले जाते, की उपवर्गीकरण हे मनुवाद्यांचे कारस्थान आहे. कारस्थान करणारे या देशात कमी नाहीत, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण मागणी कुणाची आहे ते पाहा. पंजाबात १९७५ साली वाल्मीकी आणि मजहबी शीख यांना अनुसूचित जातींच्या जागांमध्ये प्राधान्य मिळाले. आंध्रात मादिगा समाजाने १९९४ पासून दंडोरा आंदोलन उभे केले. तामिळनाडूत अरुंधतीयार समाजासाठी २००९ साली कायदा झाला. ही माणसे हातात झाडू आणि आरी घेऊन पिढ्यान्‌पिढ्या जगलेली आहेत. त्यांच्या मागणीला कारस्थान म्हणणे हे त्यांना माणूस न मानण्यासारखे आहे. मागणीचा वापर कोण करून घेतो, हा प्रश्न वेगळा. त्याची चौकशी अवश्य करावी. पण भूक खोटी ठरवू नये.

विषमतेची उतरंड बाबासाहेबांनीच आपल्याला समजावून सांगितली. जातिव्यवस्थेत फक्त वर एक आणि खाली एक असे दोनच थर नसतात. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी असतो आणि पायाखालीही कुणीतरी असतो, म्हणून कुणीच पूर्ण बंड करीत नाही, हे त्यांचे विश्लेषण. महारवाडा आणि मांगवाडा ही गावाबाहेरची दोन घरे, पण एका घरचा माणूस दुसऱ्या घरचे पाणी पीत नसे. बलुत्यावरून, मेल्या गुरावरून, लग्नातल्या मानावरून दोघांमध्ये तंटे होत. गाव मजा बघत असे. ही उतरंड आपण १९५६ साली नाकारली. नाकारली म्हणजे वरच्याची लाथ नाकारली आणि खालच्यावरचा पायही काढून घेतला, असा त्याचा अर्थ व्हायला हवा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला मातंगाच्या मागणीचा राग येत असेल, तर त्याने आपल्या मनात शिल्लक राहिलेली उतरंड एकदा तपासावी.

मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतली मातंग मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला. त्याचा विषय होता मांग आणि महार यांचे दुःख. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका लहान मुलीने दोन्ही नावे एका शीर्षकात घेतली आणि दुःखाचा शब्द एकच वापरला. त्याच निबंधात महारांपेक्षाही मांगांची स्थिती कशी वाईट आहे, हेही तिने सांगितले. पुन्हा तेच! दुःख एक, पण त्याचे माप वेगळे. तिने दोन्ही खरे सांगितले.

आता आकड्यांकडे या. २००१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील अनुसूचित जातींमध्ये महार सुमारे ५७ टक्के, मांग सुमारे २० टक्के आणि चर्मकार सुमारे १२ टक्के होते. यादीत एकूण ५९ जाती आहेत आणि आरक्षण १३ टक्के. लोकसंख्येचे हे प्रमाण माहीत आहे. पण मंत्रालयातील, जिल्हा परिषदांतील, विद्यापीठांतील नोकऱ्यांमध्ये या ५९ जातींचे प्रमाण किती, हे पदनिहाय, वर्गनिहाय सांगणारा सरकारी तक्ता सामान्य माणसाला पाहायला मिळत नाही. मातंग समाजासाठी क्रांतिवीर लहुजी साळवे यांच्या नावाने अभ्यास आयोग नेमला गेला, त्याने ८२ शिफारशी केल्या. त्या शिफारशींच्या अंमलबजावणीसाठी आजवर किती मोर्चे निघाले, त्याची मोजदाद मोर्चेकऱ्यांनाही राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, राज्य सरकारने उपवर्गीकरणाचा अभ्यास करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. निवडणुकीच्या आधी समिती, निवडणुकीनंतर मुदतवाढ, ही पद्धत वाचकांच्या ओळखीची आहे.

इथे 'फकिरा'तली हजेरी आठवते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांनी ठरलेल्या वेळी चावडीवर येऊन नाव सांगायचे. कादंबरीतला मांगवाडा या हजेरीने पिचून जातो. म्हणजे मांग किती, कोण, रात्री कुठे झोपला, याची नोंद ठेवण्याची यंत्रणा सरकारकडे शंभर वर्षांपूर्वी होती! तो कायदा १९५२ साली गेला, पण ३ ऑक्टोबर २०२४ रोजी 'सुकन्या शांता' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांमधील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवावी लागली आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्याचा आदेश द्यावा लागला. तुरुंगात जात मोजायला रकाना होता. नोकरीत जात मोजायची म्हटली की सरकारला आकडे सापडत नाहीत. शिक्षा करताना मोजणी होते, वाटा देताना होत नाही. राज्यकर्ते बदलले, तरी ही सवय बदललेली नाही.

म्हणून आमची पहिली मागणी अशी, की समिती काहीही म्हणो, आधी आकडे चव्हाट्यावर आणा. ते आपल्या विरोधात जातील अशी भीती ज्यांना वाटते, त्यांना आम्ही विचारतो: सत्याला भिणारी चळवळ बाबासाहेबांची असू शकते काय?

आता कोठाराकडे. माप कुणाच्या हाती, यावर दोन वाड्यांचे भांडण चालू असताना कोठाराचे काय झाले ते पाहा.

६ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. शिपायापासून अभियंत्यापर्यंतची पदे त्यात होती. कंत्राटात आरक्षण कुठले? ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. पण कंत्राटी पद्धत रद्द झाली का? आपल्या गावातल्या आरोग्य केंद्रात, वीज कंपनीच्या कार्यालयात, नगरपालिकेच्या सफाई खात्यात जाऊन बघा. सफाईचे काम कंत्राटी झाले, तेव्हा सर्वांत आधी कुणाची नोकरी गेली? ज्यांना उपवर्गीकरणाने पुढे आणायचे आहे, त्यांचीच!

१७ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे निकालानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, केंद्रीय लोकसेवा आयोगाने ४५ वरिष्ठ पदे थेट भरतीने भरण्याची जाहिरात दिली. त्यात आरक्षण नव्हते. विरोध झाल्यावर तीन दिवसांत ती मागे घ्यावी लागली. सहसचिव, संचालक या दर्जाची पदे. न्यायालयात आपण खालच्या पायऱ्यांवर कुणी आधी बसायचे याचा खल करत होतो, तेव्हा वरच्या मजल्याला वेगळा जिना लावण्याचे काम चालू होते.

मे २०२५ मध्ये तर राज्याच्या सामाजिक न्यायमंत्र्यांनीच जाहीर तक्रार केली, की त्यांच्या खात्याचा चारशे कोटींहून अधिक निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला. लाडकी बहीण योजनेतल्या बहिणी आपल्याही आहेत, त्यांना पैसे मिळू नयेत असे कोण म्हणेल? प्रश्न असा, की अनुसूचित जातींच्या घटक योजनेच्या कणगीला हात घालण्याचा अधिकार कुणी दिला? अविभाजित आंध्र आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ सालीच हा निधी राखून ठेवण्यासाठी कायदे केले. फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र म्हणवणाऱ्या राज्यात मे २०२५ मध्ये असा कायदा नव्हता. त्या चारशे कोटींमध्ये वसतिगृहांचा पैसा होता, शिष्यवृत्तीचा होता. तो महाराच्या मुलाचा गेला की मांगाच्या मुलीचा? दोघांचाही गेला.

आणि खुद्द अण्णा भाऊंच्या नावाने १९८५ साली मातंग समाजासाठी स्थापन झालेले महामंडळ! २०१५ साली तिथल्या कोट्यवधींच्या अपहाराचे प्रकरण बाहेर आले आणि तत्कालीन अध्यक्ष असलेल्या आमदाराला अटक झाली. ज्या लेखकाने भरलेले कोठार गरिबांसाठी फोडल्याची कथा लिहिली, त्याच्याच नावाचे कोठार आतून पोखरले गेले. याहून कडू विनोद कोणता? अण्णा भाऊंच्या नावाने २००२ साली चार रुपयांचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. त्याचा आनंद आम्हालाही आहे. पण पुतळा मॉस्कोत आणि पुतळ्याची लेकरे मुंबईच्या चौकात गाड्यांच्या काचा पुसताना, हे चित्र अण्णा भाऊंनीच कधीतरी लिहिले असते.

आता 'आपला काय संबंध' या प्रश्नाचे उत्तर. नागावहून फार लांब जायला नको. आमच्याच तालुक्यात चरी हे गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथल्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायला नकार दिला. नारायण नागू पाटील त्यांचे नेते. पीक कुळाने काढायचे आणि खळ्यावरून ते खोताच्या, सावकाराच्या कोठारात जायचे, ही रीत मोडायची होती. संप १९३९ पर्यंत चालला. जमिनी ओसाड पडल्या, माणसांनी जंगलातली लाकडे विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही.

हे संपकरी बहुतांश आगरी शेतकरी होते. अस्पृश्य नव्हते. तरी डिसेंबर १९३४ मध्ये बाबासाहेब त्यांच्या परिषदेसाठी चरीला आले. त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला. याच जिल्ह्यात महाडला १९२७ साली सवर्णांनी आपल्यावर लाठ्या चालवल्या होत्या. बाबासाहेबांना ते आठवत नव्हते काय? आठवत होते. पण सुमारे दहा वर्षांनी त्याच जिल्ह्यातल्या स्पृश्य कुळांसाठी ते विधेयक मांडतात. कारण कोठार कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न त्यांनी कधीही नजरेआड होऊ दिला नाही.

जो नेता आपल्या जातीबाहेरच्या, स्पृश्य कुळासाठी चरीच्या खळ्यावर उभा राहिला, त्याचे अनुयायी आपल्याच यादीतल्या मातंग, भंगी, ढोर, होलार बांधवांसाठी उभे राहणार नाहीत? मग जयंतीला लावलेल्या त्या तसबिरीचा उपयोग काय?

वकील म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. भाषणांपेक्षा त्या अधिक उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, उपवर्गीकरण कोणत्या पद्धतीने होते यावर सर्व अवलंबून आहे. तेलंगणाने १४ एप्रिल २०२५ रोजी १५ टक्क्यांचे तीन तुकडे केले: एक, नऊ आणि पाच टक्के. तामिळनाडूने वेगळी वाट घेतली. तिथे १८ टक्क्यांपैकी सुमारे ३ टक्के जागांवर अरुंधतीयार उमेदवाराला आधी संधी मिळते, उमेदवार मिळाला नाही तर ती जागा दुसऱ्या अनुसूचित जातीच्या उमेदवाराला जाते. जागा अनुसूचित जातींच्या बाहेर जात नाही. महाराष्ट्रात काही करायचेच असेल, तर ही अट कायद्याच्या मजकुरात लिहून घेतली पाहिजे. 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' हा शेरा मारून आपल्या किती जागा आजवर गिळल्या गेल्या, हे नोकरीतल्या प्रत्येक बांधवाला माहीत आहे. लहान लहान तुकडे केले की तो शेरा मारणे अधिक सोपे होते. खरा धोका इथे आहे, मातंगांच्या वाट्यात नाही.

दुसरी गोष्ट, कागद. जात प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. आमच्या किनाऱ्यावर बंगल्यांच्या बांधकामावर मराठवाड्यातून आलेली मातंग कुटुंबे आहेत. ज्यांच्या आज्याला जमीन नव्हती, शाळा नव्हती, त्यांनी १९५० चा कागद आणायचा कुठून? वाटणीत नाव निघाले तरी प्रमाणपत्राअभावी ताट रिकामेच राहणार. आपल्या शाखांनी, विहारांनी या कुटुंबांना गावी पत्रव्यवहार करून नोंदी मिळवून दिल्या, तर शंभर ठरावांपेक्षा ते मोठे काम होईल. चळवळीतल्या तरुण वकिलांनी हे काम विनामोबदला अंगावर घ्यावे, असे आमचे आवाहन आहे.

तिसरी गोष्ट, जनगणना. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जातींची गणना करण्याचा निर्णय घेतला आणि १ मार्च २०२७ ही जनगणनेची संदर्भ तारीख जाहीर केली. २०११ साली महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांवर नोंदले गेले. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा कायम राहतो, हे अजूनही अनेकांना ठाऊक नाही. धर्माच्या रकान्यात बौद्ध आणि जातीच्या ठिकाणी अनुसूचीतील नाव, दोन्ही न चुकता लिहा. 'आम्ही जात मानत नाही' हे मनात आणि आचरणात असू द्या. सरकारी तक्त्यात नाव नसेल तर पुढच्या समितीसमोर आपण संख्येनेच नाहीसे होऊ. मग कोण पुढे, कोण मागे, हा हिशेब चुकीच्या आकड्यांवर होईल आणि त्याचा फटका दोन्ही वाड्यांना बसेल.

चौथी गोष्ट, एकत्र मागणी. रिक्त पदांचा अनुशेष भरा, कंत्राटी कामात आरक्षण लागू करा, घटक योजनेच्या निधीसाठी कायदा करा, वसतिगृहे आणि शिष्यवृत्ती वेळेवर द्या. या चारही मागण्यांवर मातंग, बौद्ध, चर्मकार यांच्यात कसलाच मतभेद असण्याचे कारण नाही. उपवर्गीकरणावर मतभेद असले तरी या मागण्यांसाठी एकाच मोर्चात चालता येते. ज्यांना आपण वेगळे वेगळे चालावे असे वाटते, त्यांना सर्वांत जास्त भीती याच मोर्चाची आहे. म्हणून तर एका समाजाच्या मेळाव्याला मंत्री येतात, दुसऱ्याच्या मेळाव्यालाही येतात, आणि दोघांना एकमेकांची तक्रार सांगून जातात.

'फकिरा' पुन्हा वाचताना आम्हाला एक गोष्ट जाणवली. त्या कादंबरीत कुणालाही दुसऱ्याचा घास काढून आपले पोट भरायचे नाही. सगळा संघर्ष बंद दाराशी आहे. दाराच्या आत धान्य आहे आणि बाहेर माणसे मरत आहेत, एवढे समजण्यासाठी फकिराला शाळा लागली नाही. आज त्या दाराशी राज्यघटना घेऊन उभे राहायचे आहे. फकिराच्या हाती तलवार होती, आपल्या हाती बाबासाहेबांनी कायदा दिला आहे, मत दिले आहे, संघटना दिली आहे. त्या हत्याराने आपसात वार करायचे की कोठाराचे कुलूप काढायचे, हे आता आपण ठरवायचे.

येत्या १ ऑगस्टला मातंग वस्तीत जयंती असेल. यंदा आपल्या वस्तीतून पाच-पंचवीस माणसांनी तिथे जावे. हारासोबत मागण्यांचे निवेदनही न्यावे आणि सह्या दोन्ही वस्त्यांच्या घ्याव्यात. नागावच्या आसपास मातंगांची घरे थोडी असली, तरी आम्ही त्या घरांपर्यंत जाणार आहोत. मोजक्या घरांत पाच पेले चहा झाला तरी चालेल. निवेदनावरच्या सह्या मात्र एका रकान्यात, एकाखाली एक असतील.

जय भीम! जय लहुजी!